बुद्धिबळाच्या पटावरची वीस अंकी संख्या

१,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५ ही वीस अंकी संख्या बुद्धिबळाच्या पटामुळे जगभर ओळखीची झाली. पटाच्या पहिल्या घरात एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, असे प्रत्येक घरात आधीच्या दुप्पट दाणे ठेवत गेल्यास चौसष्ट घरांतल्या दाण्यांची बेरीज एवढी येते. ती काढण्यासाठी चौसष्ट संख्या एकाखाली एक मांडाव्या लागत नाहीत. पहिल्या दोन घरांत मिळून ३ दाणे असतात, पुढच्या घरात ४. पहिल्या तीन घरांत ७, पुढच्या घरात ८. कोणत्याही घरापर्यंतची बेरीज पुढच्या घरातल्या दाण्यांपेक्षा नेहमी एकने कमी असते. म्हणून चौसष्ट घरांची बेरीज म्हणजे पासष्टावे घर असते तर त्यात जेवढे दाणे पडले असते, त्यातून एक वजा. गणिताच्या भाषेत, २ चा ६४ वा घात उणे १.

मोजण्याच्या रूढ भाषेत ही संख्या बसत नाही. भास्कराचार्यांनी ११५० साली पूर्ण केलेल्या ‘लीलावती’त एकं, दशं, शत, सहस्र यांपासून परार्धापर्यंत अठरा स्थाने दिली आहेत. परार्ध म्हणजे एकावर सतरा शून्ये. पटावरचे दाणे त्या भाषेत सांगायचे तर १८४ परार्ध, ४ मध्य, ६ अंत्य, ७ जलधी, ४ शंकू, ४ महापद्म असे करत खाली यावे लागते. शेवटचे स्थान संपले तरी संख्येचे दोन अंक वर उरतात.

वीस अंक येणार हे गुणाकार न करताही कळते. २ चा दहावा घात १०२४, म्हणजे दर दहा घरांमागे संख्या हजारपटीहून थोडी अधिक वाढते. साठ घरांत अठरा शून्यांची मजल गाठली जाते आणि उरलेल्या चार घरांमुळे आणखी सोळापट होते. शेवटचा अंकही आधी सांगता येतो. दोनच्या घातांचे एकं स्थानचे अंक २, ४, ८, ६ याच क्रमाने फिरत राहतात. चौसष्टला चारने निःशेष भाग जातो, म्हणून २ च्या ६४ व्या घाताच्या शेवटी ६ येतो आणि एक वजा केल्यावर ५.

राजाकडे दाण्यांचे बक्षीस मागणाऱ्या सिस्साची गोष्ट तेराव्या शतकातील अरबी चरित्रकार इब्न खल्लिकान याने लिहून ठेवली आहे. पटाची बेरीज त्याच्याही आधी, इ. स. १००० च्या सुमारास, अल्-बिरुनीने मांडली होती. ही बेरीज डोळ्यांसमोर आणायची तर गव्हाचा एक दाणा सरासरी ४० मिलिग्रॅमचा धरावा. मग एकूण वजन सुमारे ७३ हजार ८०० कोटी टन भरते. आज जगभरात वर्षाला साधारण ८० कोटी टन गहू पिकतो. त्या हिशेबाने पट भरायला नऊशेहून अधिक वर्षांचे जगाचे सारे पीक लागेल.

गोष्टीतला राजा इथे थक्क होतो आणि बहुतेक वर्णने इथेच थांबतात. संख्येचे खरे वैशिष्ट्य मात्र तिच्या आकारात नाही, ते तिच्या अवयवांत आहे. आणि ते अवयव कुठून येतात हे दुप्पट करण्याच्या जुन्या भारतीय रीतीतून सर्वांत स्वच्छ दिसते.

‘लीलावती’त श्रेढीव्यवहारात एक उदाहरण आहे. एका दात्याने पहिल्या दिवशी दोन कवड्या दिल्या आणि रोज दुप्पट करत महिनाभर दान चालू ठेवले, तर एकूण निष्क किती झाले? उत्तर काढण्यासाठी २ चा तिसावा घात हवा. त्यासाठी तीस वेळा दुप्पट न करता भास्कराचार्य दिवसांच्या संख्येशी खेळतात: ती सम असेल तर निम्मी करून ‘वर्ग’ लिहायचे, विषम असेल तर एक वजा करून ‘गुणक’ लिहायचे, आणि शून्य आल्यावर त्या खुणांच्या क्रमाने उलटे वर यायचे. ३० वरून १५, १४, ७, ६, ३, २, १, ० असे खाली उतरता येते. वर येताना २, ४, ८, ६४, १२८, १६३८४, ३२७६८ आणि शेवटी १०७३७४१८२४ मिळतात. आठ पायऱ्यांत काम होते. दान २ कवड्यांपासून सुरू झाल्यामुळे या संख्येतून एक वजा करून दुप्पट केली की २,१४,७४,८३,६४६ कवड्या होतात. निष्कांत सांगायचे तर १०४८५७ निष्क, ९ द्रम्म, ९ पण, २ काकिणी आणि ६ कवड्या. या उत्तरात एक कवडी वाढवली की २,१४,७४,८३,६४७ ही संख्या येते. ती मूळ संख्या असल्याचे लेओनहार्ड ऑयलरने १७७२ साली सिद्ध केले. ३२ बिटांच्या संगणकाला धन व ऋण अशा दोन्ही संख्या साठवायच्या असतील, तर सर्वांत मोठी धन संख्याही हीच.

या रीतीचे मूळ आणखी मागे, पिंगलाच्या छंदःशास्त्रात आहे. लघू आणि गुरू अशा दोनच प्रकारच्या अक्षरांपासून ठरावीक लांबीचे चरण किती तऱ्हांनी होतात, हे मोजण्यासाठी पिंगलाला दोनचे घात हवे होते. तिथेही निम्मे करणे आणि एक वजा करणे याच दोन कृती आहेत.

आता हीच रीत ६४ वर चालवली तर काय होते? ६४, ३२, १६, ८, ४, २, १. वाटेत विषम संख्या येतच नाही, म्हणून ‘गुणक’ फक्त शेवटी एकदा लागतो आणि बाकी सारे वर्गच वर्ग. वर येताना २ चा वर्ग ४, ४ चा १६, १६ चा २५६, २५६ चा ६५५३६, ६५५३६ चा ४२९४९६७२९६ आणि त्याचा वर्ग १८४४६७४४०७३७०९५५१६१६. सहा वेळा वर्ग केले की पासष्टाव्या घरावर पोचता येते. पटावरची बेरीज त्याहून एकने कमी, म्हणजेच एका पूर्ण वर्गाहून एकने कमी आहे. शाळेत शिकवलेले सूत्र इथे कामी येते: एखाद्या संख्येच्या वर्गातून एक वजा केला की येणारी संख्या म्हणजे मूळच्या संख्येच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या संख्यांचा गुणाकार. म्हणून आपली संख्या म्हणजे ४२९४९६७२९५ गुणिले ४२९४९६७२९७.

यांतला पहिला अवयव पुन्हा एका वर्गाहून एकने कमी आहे. त्याचे ६५५३५ आणि ६५५३७ असे दोन तुकडे होतात. ६५५३५ चे २५५ आणि २५७, २५५ चे १५ आणि १७, १५ चे ३ आणि ५. अशा रीतीने पटाची संख्या ३, ५, १७, २५७, ६५५३७ आणि ४२९४९६७२९७ या सहा संख्यांचा गुणाकार ठरते. पहिल्या पाच मूळ संख्या आहेत. त्यांपुढे आणखी तुकडे पडत नाहीत. सहावीचे काय, हा प्रश्न सतराव्या शतकात मोठा ठरला.

या सहा संख्यांची घडण एकच आहे. वर्ग करत जाताना मिळालेल्या २, ४, १६, २५६, ६५५३६, ४२९४९६७२९६ या संख्यांत एकेक मिळवला की त्या तयार होतात. पिएर द फर्मा या फ्रेंच गणितज्ञाने १६४० साली पत्रांतून असे मत मांडले होते की या साखळीतली प्रत्येक संख्या मूळच असावी. सिद्धता आपल्याजवळ नाही हेही तो सांगत होता. आज या संख्यांना फर्मा संख्या म्हणतात. १७३२ साली ऑयलरने दाखवून दिले की ४२९४९६७२९७ ला ६४१ ने निःशेष भाग जातो आणि भागाकार ६७००४१७ येतो.

ऑयलरची वाट समजून घेण्यासारखी आहे, कारण तीच पटाच्या संख्येच्या सर्व मूळ अवयवांचे स्वरूप उलगडते. दोनच्या घातांना एखाद्या विषम मूळ संख्येने भागत गेले तर येणाऱ्या बाक्या चक्राकार फिरतात. सातने भागल्यास बाक्या २, ४, १, २, ४, १ अशा येतात. चक्राची लांबी ३. चौसष्टला तीनने निःशेष भाग जात नाही, म्हणून २ च्या ६४ व्या घातातून एक वजा केल्यावर सातने भाग जाणार नाही. अकराचे चक्र १० लांबीचे, तेराचे १२ लांबीचे, त्याही बाद. ज्या मूळ संख्येचे चक्र चौसष्टमध्ये बरोबर बसते तीच आपल्या संख्येचा अवयव होऊ शकते. चौसष्टचे विभाजक म्हणजे दोनचेच घात, म्हणून चक्राची लांबी २, ४, ८, १६, ३२ किंवा ६४ अशीच असली पाहिजे. ३ चे चक्र २ लांबीचे, ५ चे ४, १७ चे ८, २५७ चे १६ आणि ६५५३७ चे ३२. ६४ लांबीचे चक्र असणाऱ्या मूळ संख्या सहाव्या, म्हणजे ४२९४९६७२९७ या अवयवात दडलेल्या असतात. मूळ संख्येतून एक वजा केला की त्याला चक्राच्या लांबीने भाग जातो, हा फर्माचाच दुसरा एक सिद्धांत. म्हणून ४२९४९६७२९७ चा कोणताही मूळ अवयव चौसष्टच्या पटीहून एकने मोठा असला पाहिजे.

अशा संख्या फार नाहीत. ६५, १२९, १९३, २५७, ३२१ करत गेले आणि त्यांतल्या संयुक्त संख्या गाळल्या तर १९३, २५७, ४४९, ५७७ आणि ६४१ उरतात. पाचव्याच प्रयत्नात भाग जातो. ऑयलरसारख्या माणसाला ज्या फलाने फर्माचे मत खोडता आले, ते हाती यायला पाच भागाकार पुरतात. सारे सामर्थ्य कुठे शोधायचे हे ओळखण्यात आहे.

६४१ ने भाग जातो हे लांबलचक भागाकार न करताही पडताळता येते. ६४१ म्हणजे ६४० अधिक १, आणि ६४० म्हणजे ५ गुणिले २ चा सातवा घात. ६४० ला ६४१ ने भागल्यास बाकी एकने उणी, म्हणजे −१. त्याचा चौथा घात केला की बाकी १ होते. म्हणून ६२५ गुणिले २ चा २८ वा घात, याला ६४१ ने भागल्यावर बाकी १ उरते. आता ६२५ म्हणजे ६४१ उणे १६, आणि १६ म्हणजे २ चा चौथा घात. ६२५ च्या जागी −१६ ठेवले की डावीकडे उणे २ चा ३२ वा घात उरतो. त्याची बाकी १ आहे, म्हणजे २ च्या ३२ व्या घाताची बाकी −१. त्यात एक मिळवला की बाकी शून्य. एकच संख्या, ६४१, दोनच्या आणि पाचच्या घातांत दोन वेगवेगळ्या प्रकारे मांडता येते, एवढ्यावर सारे काम झाले. अंकगणितातल्या सर्वांत सुंदर पडताळ्यांत याची गणना करायला हरकत नाही.

उरलेला ६७००४१७ हा अवयव मूळच आहे. त्याचे वर्गमूळ २५८८ च्या आसपास. ६४१ पासून तिथपर्यंत चौसष्टच्या पटीहून एकने मोठ्या अशा सातच मूळ संख्या आहेत आणि त्यांतल्या एकीनेही त्याला भाग जात नाही.

म्हणून पटाच्या संख्येचे संपूर्ण अवयव असे: ३ × ५ × १७ × २५७ × ६४१ × ६५५३७ × ६७००४१७. सात मूळ संख्या, प्रत्येक एकदाच. प्रत्येक विभाजक तयार करताना या सातांपैकी प्रत्येक घ्यायची किंवा सोडायची असे दोनच पर्याय असतात, म्हणून एकूण विभाजक २ चा सातवा घात, म्हणजे १२८. तीनने भाग जातो पण नऊने नाही, हे अंकांच्या ८७ या बेरजेवरूनही दिसते. त्याचा आणखी एक परिणाम असा की ही संख्या दोन पूर्ण वर्गांची बेरीज म्हणून लिहिता येत नाही.

एवढ्या मोठ्या संख्येचे अवयव कागदावर, तासाभरात निघतात, हे नेहमीचे नाही. २ चा ६१ वा घात उणे १ ही पटाच्या संख्येच्या एक अष्टमांश आकाराची. ती मूळ संख्या असल्याचे रशियातील इव्हान पेर्वुशिन यांनी १८८३ साली दाखवले. २ चा ६७ वा घात उणे १ ही आपल्या संख्येच्या जेमतेम आठपट. ती संयुक्त आहे एवढे एदुआर लुकास याने १८७६ साली सिद्ध केले होते, पण तिचे १९३७०७७२१ आणि ७६१८३८२५७२८७ हे अवयव १९०३ साली अमेरिकेतील फ्रँक नेल्सन कोल यांनी मांडेपर्यंत कुणाच्याही हाती आले नव्हते. ६१ आणि ६७ हे घातांक मूळ आहेत. वर्गांच्या सूत्राला तिथे शिरकाव नाही. ६४ मात्र शेवटपर्यंत निम्मा होत जातो. पटाच्या संख्येपासून दोनच अंतरावर असलेली १८४४६७४४०७३७०९५५१६१७ ही पुढची फर्मा संख्याही सहज उकलली नाही. २७४१७७ आणि ६७२८०४२१३१०७२१ हे तिचे अवयव फॉर्त्युने लाँद्री यांनी १८८० साली प्रसिद्ध केले. ६५५३७ नंतरची एकही मूळ फर्मा संख्या आजवर सापडलेली नाही.

याच अवयवांचा भूमितीशी संबंध आहे. फक्त पट्टी आणि कंपास वापरून सतरा बाजूंचा सुसम बहुभुज काढता येतो, हे कार्ल फ्रीडरिश गाउसने १७९६ साली, विशीही उलटली नसताना, शोधले. पुढे ठरले ते असे: विषम संख्येइतक्या बाजूंचा सुसम बहुभुज अशा रीतीने काढता येण्यासाठी ती संख्या वेगवेगळ्या मूळ फर्मा संख्यांचा गुणाकार असली पाहिजे. अट पुरेशी असल्याचे गाउसने दाखवले, ती आवश्यकही आहे हे पिएर वान्त्सेलने १८३७ साली. ज्ञात मूळ फर्मा संख्या पाचच. त्यांचा गुणाकार ४२९४९६७२९५, म्हणजे पटाच्या पहिल्या बत्तीस घरांतले दाणे. अर्ध्या पटावरच्या या संख्येचे १ सोडून जे ३१ विभाजक आहेत, तेवढ्याच विषम बाजूंचे बहुभुज काढता येतात असे आज माहीत आहे. ६५५३७ बाजूंच्या बहुभुजाची रचना योहान गुस्ताव हेर्मेस याने दहा वर्षे खपून लिहून काढली. ते हस्तलिखित ग्यटिंगेनला जपून ठेवलेले आहे.

पिंगलाच्या परंपरेत हेच विभाजक आणखी एका जागी उभे राहतात. दहाव्या शतकात हलायुधाने पिंगलावरील टीकेत मेरुप्रस्तार स्पष्ट केला: शिखरावर १, दोन्ही कडांना १, आणि आतला प्रत्येक अंक वरच्या दोन अंकांची बेरीज. या प्रस्तारातल्या विषम संख्यांच्या जागी १ आणि सम संख्यांच्या जागी ० लिहून प्रत्येक ओळ द्विमान पद्धतीतली संख्या म्हणून वाचली तर १, ३, ५, १५, १७, ५१, ८५, २५५, २५७ अशा संख्या येतात. पहिल्या बत्तीस ओळी म्हणजे बरोबर ४२९४९६७२९५ चे बत्तीस विभाजक, लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीने. चौसष्टाव्या ओळीतल्या चौसष्टही संख्या विषम असतात, म्हणून तिथे चौसष्ट एकं सलग उभे राहतात आणि पटाची संख्या मिळते.

हीच संख्या लुकासने १८८३ साली एका खेळण्यातून पुन्हा लोकांसमोर आणली. तीन खुंट्या, एका खुंटीवर उतरत्या आकाराच्या तबकड्या, एका वेळी एकच हलवायची आणि लहानीवर मोठी ठेवायची नाही. सोबतच्या दंतकथेत काशीच्या देवळात चौसष्ट सोन्याच्या तबकड्या असल्याचे सांगितले होते. सर्वांत खालची तबकडी हलवण्याआधी वरच्या सगळ्या बाजूला न्याव्या लागतात आणि नंतर पुन्हा तिच्यावर आणाव्या लागतात, म्हणून प्रत्येक वाढीव तबकडीमागे चाली दुप्पट अधिक एक होतात: १, ३, ७, १५ करत चौसष्टला पटाचीच संख्या. सेकंदाला एक चाल धरली तर सुमारे ५८४ अब्ज वर्षे लागतील. पुराणांतला ब्रह्मदेवाचा एक दिवस, म्हणजे कल्प, ४३२ कोटी वर्षांचा; तसे १३५ दिवस.

संगणकात ही संख्या ६४ बिटांच्या खणात मावणारी सर्वांत मोठी संख्या आहे. द्विमान पद्धतीत ती चौसष्ट एकांची असल्याने खणातला प्रत्येक बिट भरलेला असतो. तिच्यात एक मिळवला की हातचा खणाबाहेर पडतो आणि आत शून्य उरते. एक मिळवल्यावर शून्य देणारी संख्या म्हणजे −१. म्हणूनच ऋण संख्या साठवण्याच्या रूढ पद्धतीत हाच बिटांचा क्रम −१ दाखवतो. तिच्या अवयवांपैकी ६५५३७ तर रोजच्या वापरात आहे. आरएसए या सांकेतिक लेखनपद्धतीत सार्वजनिक घातांक म्हणून बहुतेक वेळा हीच संख्या घेतली जाते. द्विमान पद्धतीत तिच्यात दोनच एकं आहेत, त्यामुळे सोळा वर्ग आणि एक गुणाकार एवढ्यात घात निघतो.

सातही अवयव एकत्र लागतात ते यादृच्छिक भासणारे आकडे तयार करताना. ६४ बिटांचा खण ठरावीक नियमाने ढवळत राहायचा आणि प्रत्येक वेळी आतली संख्या बाहेर द्यायची, अशी एक पद्धत जॉर्ज मार्साग्लिया यांनी २००३ साली मांडली. सगळे बिट शून्य असण्याची एक स्थिती सोडली तर खणाच्या १८४४६७४४०७३७०९५५१६१५ स्थिती संभवतात. चांगल्या नियमाने त्या सगळ्या एकेकदा येऊन गेल्यावरच पुनरावृत्ती सुरू झाली पाहिजे. प्रत्यक्ष फिरवून हे तपासायला सेकंदाला शंभर कोटी पावले टाकणाऱ्या यंत्रालाही पाचशेहून अधिक वर्षे लागतील. त्याऐवजी आठ तपासण्या पुरतात. पूर्ण संख्येइतकी पावले टाकल्यावर खण मूळ स्थितीत परत येतो, ही पहिली. उरलेल्या सातांसाठी पूर्ण संख्येला ३, ५, १७, २५७, ६४१, ६५५३७ आणि ६७००४१७ यांनी एकेकदा भागून तेवढ्या पावलांनंतरची स्थिती काढायची. ही झेप वर्ग करण्याच्याच रीतीने काही डझन पायऱ्यांत घेता येते. सातांपैकी एकाही वेळी खण मूळ स्थितीत परतला नाही, तर नियमाचे चक्र पूर्ण लांबीचे आहे.